तास मोजायचे की चुका?

कुठल्याही नवख्या माणसाला भरपूर आणि नेमका सराव दिला तर तो तज्ज्ञ होतो का, आणि हे तपासायचे कसे, या विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतली काही या वेळी घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : दहा हजार तास केले की माणूस कशातही तज्ज्ञ होतो, असे सगळीकडे ऐकतो. हा आकडा आला कुठून? मी ३८ वर्षांचा आहे, बँकेत नोकरी करतो. रोज एक तास दिला तर जमेल का? (सातारा)

उत्तर : आधी गुणाकार करू. रोज एक तास, एकही सुटी न घेता, म्हणजे दहा हजार तासांना २७ वर्षे आणि वर काही महिने. तुम्ही पासष्टीला पोचाल. रोज चार तास दिले तर सात वर्षांना थोडे कमी. हा हिशेब केल्यावर बहुतेकांचा उत्साह ओसरतो, पण ओसरू देऊ नका, कारण तो आकडा मुळात उंबरठा नव्हताच.

आकडा आला पश्चिम बर्लिनमधून. अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने राल्फ क्राम्पे आणि क्लेमेन्स टेश-रोमर यांच्यासह तिथल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो १९९३ साली प्रसिद्ध केला. दहा-दहा जणांचे तीन गट होते : अव्वल, चांगले, आणि संगीतशिक्षक होऊ घातलेले. आजवर एकट्याने किती सराव केला हे प्रत्येकाला आठवून सांगायचे होते. अठराव्या वर्षापर्यंतची सरासरी निघाली ती अशी : अव्वल गट सुमारे ७,४१०, चांगला गट ५,३०१ आणि शिक्षक गट ३,४२० तास. विसाव्या वर्षी अव्वल गटाची सरासरी दहा हजारांवर गेली. २००८ मधल्या एका खूप खपलेल्या इंग्रजी पुस्तकाने ही सरासरी उचलली आणि तिचा नियम करून टाकला.

यात तीन गोष्टी सुटल्या. ती सरासरी होती, म्हणजे अव्वल गटातल्याही निम्म्या मुलांचे विसाव्या वर्षी दहा हजार तास भरलेले नव्हते. दुसरे, ती विशीची मुले होती. उत्तम, पण जगज्जेती नव्हेत. आणि तिसरे, मोजले होते ते वाद्य हातात असण्याचे सगळे तास नव्हेत. गुरूने नेमून दिलेले, एकट्याने बसून, विशिष्ट उणीव दुरुस्त करण्यासाठी घालवलेले तास तेवढे त्यात धरले होते. एरिक्सन याला ‘डेलिबरेट प्रॅक्टिस’ म्हणत. आपण हेतुपूर्वक सराव म्हणू. मैफलीत वाजवणे, मित्रांबरोबर बसून वाजवणे, आवडती रचना विसाव्यांदा वाजवणे हे त्यात धरलेले नव्हते.

याच अभ्यासातला एक तपशील फारसा कोणी सांगत नाही. वरच्या दोन गटांतली मुले शिक्षक गटापेक्षा जास्त झोपत, दुपारची डुलकीही घेत. त्यांचा सराव दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास, तोही मध्ये विश्रांती घेत तुकड्यातुकड्यांत. बारा तास रियाझ केल्याच्या दंतकथा आपल्याकडे फार, पण बारा तास चुकांवर लक्ष टिकवता येत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत हाच अभ्यास पुन्हा झाला. या वेळी मुलाखत घेणाऱ्यालाही समोरचा कोणत्या गटातला आहे ते माहीत नव्हते. तेव्हा अव्वल आणि चांगले यांच्यातला तासांचा फरक उरला नाही. तिसरा गट मात्र बराच मागे होता. म्हणजे सराव न करणारा मागे पडतो हे खरे, पण वरच्या दोन पायऱ्यांमधले अंतर नुसत्या तासांनी उलगडत नाही.

तेव्हा तुमचा रोजचा एक तास पुरेल का? व्यावसायिक वादक होण्यास नाही. कोणत्याही एका मोजता येण्याजोग्या कौशल्यात वर्षभरात ठळक फरक पाडण्यास अगदी पुरेल.

प्रश्न : मला हे स्वतःवर तपासून पाहायचे आहे. पैसे फारसे नाहीत, वेळ दोन महिने आहे. काय करू? (नाशिक)

उत्तर : आकडे लक्षात ठेवण्याचा प्रयोग करा. खर्च शून्य, मोजमाप स्पष्ट, आणि याला पक्का पूर्वाधार आहे. १९८० साली एरिक्सन, विल्यम चेस आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने ‘सायन्स’मध्ये एका कॉलेजविद्यार्थ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची ओळख ‘एसएफ’ एवढीच दिली होती. सेकंदाला एक या गतीने अंक वाचायचे, त्याने ते क्रमाने परत सांगायचे. सुरुवातीला सात अंक, म्हणजे आपल्या सगळ्यांसारखेच. आठवड्याला तीन ते पाच दिवस, रोज तासभर. साठेक बैठकांनंतर वीस अंक, शंभराहून थोड्या अधिक बैठकांनंतर चाळीस. वीस महिन्यांत, सुमारे २३० तासांनंतर, ७९.

आता तुमची मांडणी. दहा सारख्या चिठ्ठ्या करा, ० ते ९. डब्यातून एक काढा, लिहा आणि चिठ्ठी डब्यात परत टाका. परत टाकली नाही तर एकही अंक दोनदा येणार नाही आणि यादी सोपी होईल. ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. याद्या दुसऱ्या कोणाकडून तयार करून घ्या आणि त्यालाच फोनवर रेकॉर्ड करायला सांगा, कानात मेट्रोनोम (ठरावीक गतीने टकटक करणारे ॲप) मिनिटाला ६० वर ठेवून, सपाट आवाजात. वाचणारा नकळत तीन-तीनचे गट पाडून, शेवटी सूर खाली आणून वाचतो. तसे झाले की अर्धे काम त्यानेच केले असे समजा.

नियम असा. बरोबर आले तर पुढची यादी एक अंकाने मोठी, चुकले तर एकाने लहान. एका बैठकीत वीस याद्या. त्यातल्या शेवटच्या दहा याद्यांच्या लांबीची सरासरी हा त्या दिवसाचा गुण. सर्वांत मोठी यादी हा गुण धरू नका, कारण नशिबाने एखादी यादी १९४७ ने सुरू होते आणि उगाच हुरूप येतो.

पहिले पाच दिवस कोणतीही युक्ती न वापरता फक्त मोजा. या पाच दिवसांत गुण थोडा चढतो. ती नुसती सवय असते, शिकणे नव्हे. सहाव्या दिवसापासून युक्ती सुरू करा. एसएफ लांब पल्ल्याचा धावपटू होता, म्हणून तो ३४९२ ऐकले की मैल धावण्याची जवळजवळ विक्रमी वेळ, ३ मिनिटे ४९.२ सेकंद, असे मनात लावायचा. धावण्याशी जुळले नाही तर वय : ८९३ म्हणजे ८९.३ वर्षांचा म्हातारा. तुम्ही तुमच्या डोक्यात आधीच पक्के असलेले आकडे वापरा. १८५७ आणि १९६० सगळ्यांकडे असतात. एसटीडी कोड उपयोगी पडतात : ०२५३ नाशिक, ०७१२ नागपूर, ०२३१ कोल्हापूर. क्रिकेटच्या धावसंख्या, गाड्यांचे नंबर, पुण्याच्या पिनकोडचे ४११, काहीही चालेल. यादीचे चार-चार आणि तीन-तीनचे गट पाडा आणि शेवटचे चार-पाच अंक नुसते पुटपुटत धरून ठेवा.

मराठीत एक खास अडचण आहे. दोन अंक जोडून मनात ‘त्रेचाळीस’ म्हटलेत की तीन आधी उच्चारला जातो आणि चार नंतर. परत सांगताना ३४ बाहेर पडते. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’ पद्धतीवरून गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हीच उलटी गंमत होती.) म्हणून जोड्या लावू नका. ‘चार-तीन’ असे सुटे अंक ऐका आणि गट निदान तीनचा करा.

चुकलेली प्रत्येक यादी वहीत लिहा, चुकीचा प्रकारही लिहा : गट विसरलो, गटांचा क्रम बदलला, की गटातले अंक उलटले? दोन आठवड्यांनी वही चाळा. बहुतेकांची साठ-सत्तर टक्के चूक एकाच प्रकारची निघते, असा आमचा अंदाज. गटांचा क्रम बदलत असेल तर गटांना जागा द्या : पहिला गट दारात, दुसरा ओट्यावर, तिसरा न्हाणीत. अंक उलटत असतील तर गट लहान करा. वाढ थांबली की तासभर आणखी बसण्यापेक्षा पद्धत बदला. एरिक्सनकडेच दुसऱ्या एका सहभागी व्यक्तीने वेगळी, सैलसर पद्धत धरली आणि पन्नासेक तासांनंतर ती विसाच्या अलीकडेच अडकली. तिसऱ्याने एसएफची पद्धत पहिल्यापासून शिकून घेतली आणि तो शंभराच्या पुढे गेला.

रोज ४५ मिनिटे, आठवड्याला पाच दिवस, आठ आठवडे : एकूण चाळीस बैठका, तीस तास. यात सातावरून बारा-पंधरावर गेलात तर प्रयोग उत्तम झाला. एसएफची बरोबरी अपेक्षू नका.

आणि दोन गोष्टी विसरू नका, नाहीतर निकालाला अर्थ उरणार नाही. पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात एकदा अंकांऐवजी सुट्या व्यंजनांच्या याद्या घ्या : क, ठ, म, ल, ग. एसएफला ७९ अंक येत असतानाही अक्षरांवर तो सहाच्या आसपासच राहिला. तुमचेही तसे झाले तर कळेल की स्मरणशक्ती वाढलेली नाही, अंक बांधण्याची हातोटी आली आहे. दुसरे, घरातल्या किंवा शेजारच्या कुणाची पहिल्या व शेवटच्या आठवड्यात तीच चाचणी घ्या, मध्ये काहीही सराव न देता. त्याचा गुण जेवढा वाढेल तेवढा तुमच्या वाढीतून वजा करा.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे, बुद्धिबळ खेळते. दिव्या देशमुखने विश्वचषक जिंकल्यापासून इथे क्लासचे पेव फुटले आहे. क्लासवाले पोल्गार भगिनींचे उदाहरण देतात. तो प्रयोग खरोखर सिद्ध झालेला आहे का? (नागपूर)

उत्तर : लास्लो पोल्गार या हंगेरियन शिक्षकाने मुले होण्याआधीच जाहीर केले होते की प्रतिभा घडवता येते. पत्नी क्लारा हिच्यासह त्याने तिन्ही मुलींना घरीच शिकवले, मुख्य विषय बुद्धिबळ. सुसान १९९१ मध्ये ग्रँडमास्टर झाली आणि १९९६ मध्ये महिला जगज्जेती. सोफियाने चौदाव्या वर्षी, १९८९ मध्ये, रोमच्या स्पर्धेत नऊपैकी साडेआठ गुण मिळवून खळबळ उडवली, पण ती इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली, होऊन थांबली. धाकटी ज्युडिट १५ वर्षे ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा विक्रम मोडून, आणि पुढे पुरुष-महिला मिळून जागतिक क्रमवारीत आठवी आली.

प्रयोग म्हणून पाहिले तर यात मोठी भोके आहेत. तिन्ही मुली सख्ख्या बहिणी, आई-बाप शिक्षक, घरात एकच ध्यास. सराव न दिलेली चौथी बहीण नाही, दत्तक मूल नाही. एकसारख्या घरात, एकसारख्या पद्धतीने वाढूनही तिघींची शिखरे वेगळी, हा तर निकालाचा बोलका भाग. तीन बहिणींचे उदाहरण हवेच असेल तर हंगेरीपर्यंत जायला नको. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी तिघीही राष्ट्रीय महिला विजेत्या होत्या. १९७४ ची पहिलीच राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली. तिथेही घर, वेळ आणि वडिलांचा पाठिंबा हे सगळे एकत्रच होते, त्यामुळे एकेकट्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

क्लासवाल्यांना फर्नांड गोबे आणि गिलेर्मो काम्पितेली यांचा २००७ चा अभ्यास दाखवा. अर्जेंटिनातल्या १०४ खेळाडूंची त्यांनी पाहणी केली. मास्टर पातळी गाठायला लागलेली सरासरी ११ हजार तासांच्या आसपास, पण एकाला ३,०१६ तास पुरले आणि दुसऱ्याला २३,६०८ लागले. आठपट फरक! काहींनी याहून जास्त तास घालवले आणि ते मास्टर झालेच नाहीत.

तुमच्या मुलीसाठी कामाचे ते हे. बुद्धिबळात सर्वाधिक उपयोगी ठरतो तो एकट्याने केलेला अभ्यास, नुसते डाव खेळणे नव्हे. नील चारनेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या पाहणीत हे स्पष्ट दिसले. फोनवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव म्हणजे तर निव्वळ करमणूक. आठ वर्षांच्या मुलीला रोज ३०-४० मिनिटे पुष्कळ. त्यात दहा मिनिटे एक-दोन चालींत मात किंवा मोहरा जिंकण्याची कोडी, मोहरे न हलवता, उत्तर तोंडाने सांगून. मग पंधरा मिनिटे एखाद्या मास्टरचा डाव घ्या, पुढची चाल पुठ्ठ्याने झाका, तिला चाल आणि कारण दोन्ही सांगू द्या, मग पुठ्ठा सरकवा. जिथे तिची चाल वेगळी निघाली तिथेच थांबा, बाकी डाव पळवलात तरी चालेल. उरलेल्या वेळात डावाचा शेवट : राजा व प्यादे विरुद्ध एकटा राजा, मग हत्तीचे शेवट. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली पाठ करून घेणारा क्लास दिसला तर पाय काढता घ्या. आठव्या वर्षी त्या चालींनी चार डाव पटकन जिंकता येतात, म्हणून पालक खूश होतात, एवढेच.

मोजमाप हवे असेल तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे रेटिंग आहे. ते १४०० च्या वरच लागते, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षे ते हाती नसेल. तोवर तिने लिहिलेल्या डावांतल्या ‘फुकट दिलेल्या मोहऱ्यां’ची संख्या दर महिन्याला मोजा. दहा डावांत पंधरावरून सहावर आली तर ती शिकते आहे, बक्षीस मिळो न मिळो.

प्रश्न : तबला शिकतो आहे, पाच वर्षे झाली. ‘धाधातिट धाधातूना’ हा कायदा (तबल्यातली बांधीव रचना) चौगुनीत मेट्रोनोम ७२ च्या वर नेला की फुटतो. दोन वर्षे तिथेच आहे. रोज दीड तास बसतो. माझी मर्यादा आली का? (मिरज)

उत्तर : ७२ ला चौगुन, म्हणजे एका ठोक्यात चार बोल, म्हणजे मिनिटाला २८८ बोल, सेकंदाला जवळपास पाच. ही शरीराची मर्यादा नव्हे. दोन वर्षे रोज दीड तास तुम्ही ७२ लाच वाजवता आहात, म्हणून ७२ लाच हात बसला आहे. जे येते तेच पुन्हापुन्हा वाजवले की हात ते आपोआप करू लागतो आणि मग त्यात बदल होत नाही.

सुरुवात तबला जुळवण्यापासून. रोज एकाच सुरात, काळी एक असेल तर काळी एकच. पावसाळ्यात पुडी सैल पडते, सूर उतरतो आणि ‘तू’ दबलेला ऐकू येतो. मग दोष हाताचा की हवेचा हे कळत नाही आणि जूनचे रेकॉर्डिंग जानेवारीशी ताडता येत नाही.

आता मेट्रोनोम सरळ ८२ वर लावा आणि फक्त चार आवर्तने वाजवा. फुटेल, फुटू दे, ते फुटलेलेच हवे आहे. फोनवर रेकॉर्ड करून निम्म्या गतीने ऐका. जवळजवळ नक्की पुढच्या तीनपैकी एक दोष सापडेल. ‘तिट’मधला ‘ट’ पोकळ : मधल्या बोटाचा ‘ति’ जोरात पडतो, तर्जनी शाईवर नुसती टेकते. किंवा खालीत (डग्गा न घुमवता वाजवायच्या भागात), ‘ताता तिट’ला, डग्गा बंद व्हायला उशीर होतो आणि पहिल्या ‘ता’खाली घुमारा राहतो. किंवा ‘धाधा धीना’ला भरीत (डग्गा घुमवायच्या भागात) परतताना डावा हात अर्ध्या मात्रेने मागे. गुरुजींना एकवार ऐकवून निदान पक्के करा. स्वतःचा दोष स्वतःला उशिरा ऐकू येतो.

समजा ‘ट’ आहे. मग पूर्ण कायदा बाजूला ठेवा. ‘तिटतिट धाधातिट’ एवढाच तुकडा ६० वर, दहा मिनिटे, दोन्ही आघात सारखे येईपर्यंत. मग तोच तुकडा ‘ट’वर वजन देऊन, मग पुन्हा सारखा. त्यानंतर कायद्यात बसवून ६४ ला. रेकॉर्डिंगमध्ये सलग तीनदा स्वच्छ आले तर २ ने वर जा, सलग दोनदा फुटले तर ४ ने खाली या. मध्ये दर दोन-तीन दिवसांनी ८२ ची चार आवर्तने, फक्त तपासणीसाठी. वेग वाढला की मनगट आणि पुढचा हात कडक होतो. तिथे दुखायला लागले तर त्या दिवसापुरते थांबा. दुखऱ्या हाताने केलेल्या रियाझात शरीर चुकीची ठेवण शिकते आणि ती काढायला महिने जातात. दीड तासाचे तीन तुकडे करा, मध्ये दहा मिनिटे उठा.

प्रगतीचे माप रियाझाच्या शेवटी घेऊ नका. तेव्हा हात तापलेला असतो, सगळे छान येते आणि दुसऱ्या दिवशी गायब. दर सोमवारी, रविवारच्या सुटीनंतर, हात न तापवता पहिलेच वाजवणे रेकॉर्ड करा. दहा आठवड्यांच्या दहा फायलींना तारखेऐवजी चिठ्ठ्या टाकून अ, ब, क अशी नावे द्या, कोणती कधीची ते दुसऱ्याकडे लिहून ठेवा, आणि गुरुजींना त्या वाईटाकडून चांगल्याकडे लावायला सांगा. लावलेला क्रम तारखांशी बऱ्यापैकी जुळला तर सुधारणा खरी. नाही जुळला तर ती तुमच्या कानांची माया.

प्रश्न : सराव म्हणजेच सर्व काही असेल तर उपजत गुण हा शब्दच काढून टाकायचा का? एके ठिकाणी वाचले की सरावाचा वाटा फक्त १८ टक्के. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा ब्रूक मॅकनमारा व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या एकत्रित विश्लेषणातला, मैदानी खेळांपुरता. पटावरच्या व तत्सम खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरीधंद्यात एकाहून कमी. पण याचा अर्थ ‘तुमच्या यशातला १८ टक्के भाग सरावाचा’ असा नाही. माणसामाणसांतल्या फरकाचा तेवढा भाग सरावाच्या फरकाने उलगडतो, असा आहे. एखाद्या तालुक्यात सगळ्यांनाच कालव्याचे पाणी सारखे मिळत असेल, तर उसाच्या उताऱ्यातला फरक जमिनीमुळे पडलेला दिसेल. म्हणून पाण्यावाचून ऊस येतो असे कोणी म्हणणार नाही.

एरिक्सन यांचा याला आक्षेप होता की त्या विश्लेषणात सगळ्या प्रकारचा सराव एकाच पोत्यात भरला. गुरूने नेमलेला, चूक दाखवणारा सराव वेगळा काढला तर वाटा वाढतो. २०२० मध्ये ते गेले, वाद मिटलेला नाही. आमच्या मते एरिक्सन यांचा आक्षेप अर्धा बरोबर आहे : व्याख्या जेवढी अरुंद करावी तेवढा आकडा वाढतोच, पण मग तो सिद्धान्त खोटा ठरवणेही अवघड होत जाते.

दुसऱ्या बाजूचा पुरावा जोरकस आहे. स्वीडनमधल्या दहा हजारांहून जास्त जुळ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने खूप जास्त सराव केलेला असला तरी सूर, चाल आणि लय ओळखण्याच्या चाचणीत तो दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. वाजवण्याचे कौशल्य तिथे मोजलेले नव्हते, हेही ध्यानात घ्या. आणि २००७ च्या ओसाका जागतिक स्पर्धेत उंच उडीचे सुवर्ण बहामाच्या डोनाल्ड थॉमसने २.३५ मीटर उडी मारून नेले. त्याला हा खेळ सुरू करून दोन वर्षेही झाली नव्हती. लहानपणापासून उड्या मारत आलेला ऑलिंपिक विजेता स्टेफान होल्म २.३३ वर चौथा आला.

प्रश्न : शून्यापासून सुरू करून कोणी प्रौढ माणसाने हे पूर्ण करून पाहिले आहे का? (डोंबिवली)

उत्तर : पूर्ण नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका छायाचित्रकाराने २०१० मध्ये, तिशीत, नोकरी सोडून गोल्फचे दहा हजार तास करायचे ठरवले. पहिले काही महिने फक्त पटर (चेंडू हलकेच भोकात ढकलायची काठी) हातात, भोकाजवळून सुरू करून हळूहळू मागे सरकत. त्याचा हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) २.६ पर्यंत आला, जो हौशी खेळाडूंत फारच थोड्यांचा असतो. सुमारे सहा हजार तासांवर पाठीने दगा दिला आणि प्रयोग थांबला. एका माणसाचा प्रयोग, त्यामुळे सिद्ध काहीच झाले नाही. शिकण्यासारखे मात्र आहे : सुरुवातीला गुण झपाट्याने सुधारले, मग प्रत्येक दशांशाला शेकडो तास लागू लागले, आणि शेवटी पाठीपुढे वेळापत्रकाचे काही चालले नाही. शरीराचा प्रयोग करणार असाल तर तास आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा.

प्रश्न : एका कार्यालयात वीस वर्षे मराठी टंकलेखन करते आहे. हा सराव नाही का? मग वेग चाळीस शब्दांवरच का? (अलिबाग)

उत्तर : हे काम झाले, सराव नव्हे. कामात चूक टाळायची असते, म्हणून माणूस सोयीच्या वेगाने चालतो. डॉक्टरांबाबतही २००५ मध्ये ६२ अभ्यासांचा आढावा निघाला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिकांत अनुभवाची वर्षे वाढली तशी कामाची गुणवत्ता उतरलेली दिसली. रोज पंधरा मिनिटे नेहमीपेक्षा १०-१५ टक्के वेगाने टंकून पाहा, खोडायची कळ न वापरता. चुका कुठे गोळा होतात ते लाल पेनने खुणा करून बघा. मराठीत त्या बहुधा जोडाक्षरांवर आणि रफारावर सापडतील. ‘दृष्टी, कार्यक्रम, स्वातंत्र्य, पर्याप्त’ असे ज्यावर बोट अडखळते ते वीस शब्द निवडून त्यांचीच पाने टंका. सहा आठवडे पुरतील.

प्रश्न : थांबायचे कधी, हे कसे ठरवायचे? (रत्नागिरी)

उत्तर : सुरू करण्याआधी. नंतर ठरवले की आणखी एक महिना, आणखी एक महिना असे होत राहते. कागदावर तीन ओळी लिहा : आजचा गुण, किती झाला म्हणजे जमले म्हणायचे, आणि कोणत्या निकालावर सोडायचे. तिसऱ्या ओळीसाठी आम्ही सुचवू ती अट अशी : पद्धत दोनदा बदलूनही सलग तीन मासिक चाचण्यांत वाढ नाही. कागद पाकिटात घालून चिकटवा आणि तुमच्या निकालाशी काहीही देणेघेणे नसलेल्या माणसाकडे ठेवायला द्या. घरच्यांकडे नको, ते दुसऱ्याच आठवड्यात उघडून वाचतात.